प्रकल्प नोंदी: दुकानाची साठी आणि मुलांची चित्रं

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार

जानेवारीत दुकानाला ६० वर्षं होतायत. आजोबांनी १९६५ साली बडोद्याच्या रावपुऱ्यात हे फ्रेमचं दुकान टाकलं, मग बाबांनी चालवलं, आणि गेली अकरा वर्षं मी बघते. बाबांचं म्हणणं सत्यनारायण घालू, जुन्या गिऱ्हाइकांकडे पेढे पाठवू, झालं. मी म्हणलं सत्यनारायण घालूच, पण त्याबरोबर शाळेतल्या मुलांची चित्रकला स्पर्धा घेऊ, आपलं घर चित्रांवर चाललंय एवढी वर्षं. बाबा लगेच हो म्हणाले नाहीत, फक्त "खर्च लिहून काढ" म्हणाले. म्हणजे अर्धं काम झालं.

पहिला नियम आजच ठरवला, बाकीचे नंतर. आलेलं प्रत्येक चित्र ज्याचं त्याला परत जाणार, आणि नुसतं गुंडाळून रबर लावून नाही तर माउंट करून, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या काठात बसवून. बक्षीस असो नसो.

हे का, ते इथे लिहून ठेवते म्हणजे पुढे खर्च वाढला की माझं मन डळमळणार नाही. पाचवीत असताना एका मोठ्या कंपनीच्या स्पर्धेत मी आजीचं चित्र दिलं होतं, ओट्यावर बसून वाती वळतानाचं. भाग घेतल्याचं सर्टिफिकेट आलं, चित्र आलं नाही. आई विचारायला गेली तर "जमा झालेली चित्रं परत देत नाही" एवढंच उत्तर. आजी त्याच वर्षी गेली. तिचा वाती वळतानाचा एकही फोटो घरात नाही, जे होतं ते त्या कागदावर होतं. अंगठा आणि पहिलं बोट मी कितीदा खोडून परत काढलं होतं ते अजून आठवतंय.

२२ नोव्हेंबर

विषयावर अख्खी दुपार गेली. भाची म्हणाली "झाडे लावा" ठेव, सगळ्या शाळांना चालेल. तेच तर नको मला. पर्यावरण म्हणलं की अर्धी पृथ्वी हिरवी अर्धी काळी, पाणी वाचवा म्हणलं की नळाखाली ओंजळ, आणि काहीच नाही सुचलं तर दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी आणि नदी. बडोद्यातल्या किती मुलांनी तसा डोंगर बघितलाय? हात चालतो पण डोळे मिटलेले असतात, कारण हे चित्र क्लासमध्ये घोटून घेतलेलं असतं. चूक मुलांची अजिबात नाही, त्यांना कोणी बघायलाच सांगत नाही.

शेवटी ठरलं: "आमच्या दारातून". आपल्या घराच्या उंबऱ्यात उभं राहून समोर जे दिसतं ते. फ्लॅटमधल्याला लिफ्ट दिसेल, पोळातल्याला (जुन्या गल्लीतल्याला) समोरचा ओटला, कुणाला लारी म्हणजे हातगाडी, कुणाला भिंतच. भिंत असेल तर भिंत काढा.

बाबांना विषय एकदम आवडला. मग ते कितीतरी वेळ सांगत बसले की आजोबांच्या वेळी दुकानात नव्वद टक्के काम देवांच्या तसबिरींचं असायचं, तो धंदाही एका अर्थी बडोद्याशी जोडलेला. सयाजीरावांनी रविवर्म्याकडून १४ पुराणचित्रं करून घेतली, ती बघायला लोकांची रीघ लागली. बडोद्याचे दिवाण राहिलेल्या टी. माधवरावांनी तर रविवर्म्याला सुचवलं होतं की चित्रं युरोपात पाठवून छापून घे, मागणी एवढी आहे की दोन हातांना पुरणार नाही. पुढे १८९४ ला मुंबईत रविवर्म्याचा स्वतःचा छापखाना निघाला आणि लक्ष्मी सरस्वती घरोघरी गेल्या, आणि जिथे छापील चित्र गेलं तिथे काच आणि पट्टी लागलीच. बाबा म्हणाले, तेव्हा चित्र एक आणि प्रती हजारो, तुझ्या स्पर्धेत प्रत्येक चित्राची प्रत एकच. मी हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

२६ नोव्हेंबर

शाळा फिरणं सुरू. दोन दिवसांत सात झाल्या. पत्रक गुजराती, मराठी, इंग्रजी तिन्हीत छापलंय, मराठी माध्यमाच्या शाळा आता मोजक्याच उरल्यात पण तिथल्या बेन (शिक्षिका) सगळ्यात उत्साही निघाल्या, एकीने तर पत्रक वाचता वाचता विचारलं, "चित्र परत देणार हे नक्की ना, की नुसतं लिहिलंय?" म्हणलं बेन, नक्की.

एका शाळेत मात्र वाईट वाटलं. तिथे म्हणाले आमची पन्नास मुलं पाठवतो पण पहिल्या तीनात आमचं एक तरी आलं पाहिजे, नाहीतर पालक विचारतात. मी पत्रक ठेवलं, नमस्कार केला आणि निघाले. मुलं हुशार असतील तर येतीलच ना, आधी ठरवून कशाला.

३० नोव्हेंबर

कागदाचा निर्णय. कागद आपणच द्यायचा, सगळ्यांना सारखा, क्वार्टर साइज म्हणजे ११ बाय १५ इंच. फुल शीट २२ बाय ३० चं असतं, त्यातून बरोबर चार निघतात, म्हणजे २०० मुलांना ५० शीट, दहा जास्तीचे घेतले. सारखा कागद यासाठी की कुणी जाडजूड परदेशी कागद घेऊन येतं आणि शेजारचं मूल वहीचं पान फाडून, मग ते पान बघूनच परीक्षकांचं मन कमीजास्त होतं, कितीही नाही म्हणलं तरी. आणि आमच्या बाजूने सोय ही की सगळे माउंट एकाच मापाचे कापता येतील.

रंगांचं काय करायचं? ऑइल पेस्टल सगळ्यांना परवडतात आणि सांडत नाहीत, म्हणून दोघांत एक डबी अशी व्यवस्था, ज्यांना आपले वॉटर कलर आणायचेत त्यांनी आणावेत. फक्त स्केचपेन नको म्हणलंय. भाचीने विचारलं का, तर तिला आतल्या खोलीत नेऊन गिऱ्हाइकाची एक जुनी फ्रेम दाखवली जी दुरुस्तीला आलीय. खिडकीसमोर लावलेली, स्केचपेनचा जांभळा पार उडालाय, माउंटखाली झाकलेली कडेची पट्टी तेवढी गडद राहिलीय. ती बघितल्यावर तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

३ डिसेंबर

मोठा पेच. घरून चित्र मागवलं तर आई, काका, क्लासच्या टीचर सगळे हात लावणार. हॉलमध्ये बसवून काढायला लावलं तर दार घरी राहिलं, बघणार काय? शेवटी चाचांनी तोडगा दिला (चाचा म्हणजे आमचे कारीगर, माझ्या जन्माच्या आधीपासून दुकानात कोपरे जोडतायत). म्हणाले, बेटा, माप घ्यायला गिऱ्हाइकाच्या घरी जातो तेव्हा फ्रेम थोडीच उचलून आणतो, चिठ्ठीवर लिहून आणतो ना. तर तेच. मुलांना आठवडाभर आधी पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी द्यायची, दारात उभं राहून पेन्सिलीने खुणा करायच्या, काय कुठे आहे, कुठला रंग, किती उंच. स्पर्धेच्या दिवशी हॉलमध्ये फक्त ती चिठ्ठी घेऊन यायचं.

८ डिसेंबर, रविवार

आज जवळच्या दोन शाळांतली चौदा मुलं घेऊन तांबेकर वाड्यात गेलो. दुकानापासून चालत पाच मिनिटं, पण चौदापैकी एकानेही आत पाय ठेवलेला नव्हता. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण, त्यांचा हा चार मजली लाकडी वाडा, आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. भिंती, कोनाडे, दारं, जिथे नजर जाईल तिथे चित्रं, कृष्णलीला, महाभारत. मुलं आधी दंगा करत होती, जिन्यावरून वर गेल्यावर आपोआप आवाज खाली आला.

पाचवीतला एक मुलगा बराच वेळ एका कोनाड्यापाशी उभा होता. मला म्हणाला, "ताई, घराच्या भिंतीवर एवढं काढलं तर कोणी रागवलं नाही?" म्हणलं, अरे मालकानेच काढून घेतलं. त्याला ते पटायला वेळ लागला. मग त्याने चिठ्ठी काढली आणि कृष्ण वगैरे सोडून जिन्याच्या कठड्याची नक्षी उतरवून घेतली.

कीर्तिमंदिरही (गायकवाडांचं स्मारक) करायचं होतं त्याच दिवशी, नंदलाल बोसांची १९३९ ते १९४६ मधली भित्तिचित्रं आहेत तिथे, पण मुलं भुकेजली. सेव उसळ खाऊन घरी.

१५ डिसेंबर, रविवार. स्पर्धेचा दिवस

१८६ मुलं आली. नावं २११ दिली होती, लग्नसराईत एवढी आली हेच खूप. सकाळी नऊला हॉल उघडला, बाबा दारात खुर्ची टाकून बसले आणि प्रत्येक मुलाला स्वतःच्या हाताने कागद दिला, दोन्ही हातांनी, सरळ आडवा धरून, जसं गिऱ्हाइकाचं चित्र घेतात तसं. मुलंही मग तसाच दोन्ही हातांनी धरून आपल्या जागेवर गेली. हे मी बाबांना सांगितलं नव्हतं.

मी रांगांमधून फिरत होते. मला वाटलेलं लाऱ्या, स्कूटर, कबुतरं येतील, आणि तसं आलंही, एकीने समोरच्या बाल्कनीतली वाळत घातलेली साडी अशी काढली की वारा दिसत होता, एकाने फक्त लिफ्टचं जाळीचं दार आणि त्यामागे अंधार. पण तिसऱ्या रांगेपासून पुढे पाणी सुरू झालं. पाणी, पाणी, बुडालेल्या स्कूटर, गच्चीवर बसलेली माणसं, आणि मगरी. ऑगस्टचा पूर. मी विसरले होते असं नाही, पण मुलांच्या डोक्यात तो एवढा बसला असेल हे लक्षातच आलं नव्हतं. विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती, २५ ला धोक्याची खूण आहे, समा, फतेगंज, अकोटा, कितीतरी घरांत दिवसेंदिवस पाणी होतं आणि नदीतल्या मगरी सोसायट्यांमध्ये शिरल्या होत्या. "दारातून काय दिसतं" विचारल्यावर त्या मुलांना तेच दिसलं. डिसेंबरमध्ये त्याच दारातून आता कोरडा रस्ता दिसत असणार, पण त्यांनी चिठ्ठीवर पाणी लिहून आणलं होतं.

एका मुलीपाशी मी थांबले ती थांबलेच. सहावीतली, फतेगंज बाजूची. तिने दारातून बाहेर बघितलंच नव्हतं, दाराच्या बाजूची आतली भिंत काढली होती. भिंतीवर आडवी मातकट रेघ, पाणी जिथपर्यंत चढलं होतं तिथे. रेघेच्या वर फिकट पिवळा रंग, खाली तोच पिवळा पण त्यावर तपकिरी घासलेला, पोपडे आलेले, ते तिने नखाने रंग खरवडून दाखवले होते. आणि त्या खालच्या भागात पेन्सिलीच्या बारीक आडव्या खुणा, एकाखाली एक, शेजारी आकडे. विचारलं हे काय गं. "माझी आणि भावाची उंची. पाण्यात गेली, पण मला आठवत होती." पुढे काही विचारलं नाही मी.

१८ डिसेंबर

परीक्षण. तीन जण: निवृत्त चित्रकलेचे सर, फाइन आर्ट्सची एक विद्यार्थिनी, आणि चाचा. सरांना आधी चाचांचं परीक्षक असणं पटलं नव्हतं, पण चाचांनी आयुष्यभरात जेवढी चित्रं हातात घेतलीत तेवढी आपल्यापैकी कोणी घेतली नसतील. सरांचे सर बेंद्र्यांचे विद्यार्थी. चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे मूळ इंदूरचे, १९५० ला बडोद्याला फाइन आर्ट्समध्ये शिकवायला आले आणि सोळा वर्षं राहिले. त्या घराण्याचा सरांना अभिमान आहे आणि असावाच.

भिंतीच्या चित्रावरून वाजलं. सर म्हणाले विषय "दारातून" आहे, ही दाराच्या आत बघतेय, नियमात बसत नाही. विद्यार्थिनी म्हणाली रंगाचं काम बघा ना सर. चाचा काही न बोलता चित्र खिडकीशी घेऊन गेले, तिरकं धरलं, परत आणून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, इसको काच के पीछे रखना पड़ेगा, खरोंच निकल जाएगी. सर त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनीच ते निवडलेल्यांच्या गठ्ठ्यात ठेवलं.

पहिला दुसरा तिसरा काढायचा नाही असं ठरलं. बारा चित्रं निवडायची आणि बाराही सारखी फ्रेम करून द्यायची. दोन शाळांचे फोन आले की नंबर पाहिजेत, बोर्डावर लिहायचे असतात. म्हणलं लिहा ना, बारा नावं लिहा.

२३ डिसेंबर

माउंट कापायला घेतले. बाहेरचं माप १५ बाय १९, खिडकी साडेदहा बाय साडेचौदा. ३२ बाय ४० च्या बोर्डातून चार निघतात, १८६ ला ४७ बोर्ड, ठोकमध्ये १६० ला एक पडला, ७५२० रुपये. बाबांनी आकडा बघितला आणि वही मिटून मला परत दिली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माउंट म्हणजे चित्राभोवतीचा तो जाड पुठ्ठ्याचा पांढरा काठ. पातं ४५ अंशात तिरकं चालवायचं, म्हणजे खिडकीच्या चारी कडांना आतली पांढरी किनार दिसते. कोपऱ्यात पातं एक केस पुढे गेलं की चीर दिसते, मागे राहिलं की कोपरा सुटत नाही आणि ओढला की फाटतो. चाचा बघत नाहीत, त्यांना आवाजावरून कळतं. मी दिवसाला तीस केले तर हात भरून येतो.

ऑइल पेस्टलसाठी माउंट फक्त शोभेचा नाही. तो रंग पुरता सुकतच नाही कधी, काच थेट टेकली की दोन उन्हाळ्यांत चिकटतो आणि मग काढताना चित्र काचेवर निघून येतं. माउंटच्या जाडीमुळे मध्ये हवा राहते. आणि चित्र माउंटला सेलोटेपने लावायचं नाही हे मी सगळ्यांना सांगत असते, टेप पिवळा पडतो आणि त्याचा गोंद कागदात उतरतो. आपण वरच्या बाजूला फक्त दोन ठिकाणी पातळ कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावतो. उद्या कुणाला काढायचं झालं तर ओल्या कापसाने सुटतं.

खिडकीतून जे आतले तुकडे पडतात ते १८६ तुकडे फेकायचे नाहीत, बालवाडीच्या मुलांना रंगवायला देऊ. बेनना फोन केलाय.

२८ डिसेंबर

माझ्या हातून चूक झाली आणि ती लिहायलाच हवी. स्पर्धेच्या दिवशी घाईत शेवटचे दोन गठ्ठे बटर पेपर न घालता एकावर एक ठेवले. काल उघडले तर बाकी वाचली पण एका चित्राचं आकाश वरच्या कागदाच्या पाठीवर उतरलंय. तोच पाचवीतला मुलगा, कठड्याची नक्षी काढणारा. निळा पट्टाच्या पट्टा गेला, मधोमध.

बाबा म्हणाले त्याला कळणारही नाही. मला कळलंय ना. संध्याकाळी त्याच्या घरी गेले, आईवडिलांसमोर त्याला सांगितलं की ताईकडून तुझं चित्र खराब झालं, चुकले. त्याने बराच वेळ बघितलं. म्हणाला मी परत भरू? आज शाळेतून थेट दुकानात आला, काउंटरवर त्याला उंच स्टूल दिलं, पेस्टलची डबी दिली. त्याने आधीच्या निळ्यावर निळा नाही दिला, त्यात थोडा पांढरा घासून ढग केले. दीड तास. गिऱ्हाईक येऊन उभी राहत होती, कुणी घाई केली नाही.

४ जानेवारी २०२५

बारा फ्रेम झाल्या. साधी सागवानी रंगाची पट्टी, एका फ्रेमला साधारण साडेसहा फूट, २ मिलिमीटरची काच, मागे हार्डबोर्ड आणि कडेने ब्राउन टेप म्हणजे धूळ आणि कसर आत जात नाही. मागच्या बाजूला मुलाचं नाव, इयत्ता, तारीख. तीन चित्रांच्या मागे नावच नव्हतं, शाळांच्या ग्रुपवर फोटो टाकले, दोन मुलांनी तासाभरात ओळखलं, तिसरं त्याच्या आजीने ओळखलं कारण चित्रात ती होती.

१२ जानेवारी, रविवार

सत्यनारायण सकाळी झाला, दुपारपासून प्रदर्शन. दुकानाच्या शटरपासून शेजारच्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधून सगळी १८६ लावली. उत्तरायण म्हणजे संक्रांत दोन दिवसांवर, रस्त्यावर मांजा रंगवणाऱ्यांची आणि पतंगवाल्यांची गर्दी, त्यातली माणसं थांबून थांबून बघत होती. एक मुलगा वडिलांना ओढत आणून दाखवत होता, बघा आपली लारी. वडील लारीवाले, त्यांनी हात पुसले आणि मगच चित्र हातात घेतलं.

संध्याकाळी सातपर्यंत १८५ गेली. एक राहिलं. भिंतीवाली मुलगी आलीच नाही.

१७ जानेवारी

शाळेत विचारलं. पुरानंतर ते घर राहण्यासारखं उरलं नाही म्हणून त्यांनी नाताळच्या सुमाराला घर बदललं, शाळाही बदलली. फोन जुना, लागत नाही. बेन म्हणाल्या तिच्या मैत्रिणीला विचारते.

२४ जानेवारी, शुक्रवार

पत्ता मिळाला. गाव ओलांडून पार दुसऱ्या टोकाला, तिसरा मजला, भाड्याची खोली. फ्रेम चादरीत गुंडाळून स्कूटरवर पुढ्यात घेऊन गेले. आईने आधी ओळखलं नाही, मग मुलगी आतून आली आणि तिने ओळखलं.

चित्र उघडल्यावर आई पदराला हात पुसत खाली बसली. लहान भावाने काचेवर बोट ठेवून खालची खूण दाखवली, ही माझी. बहिणीने सांगितलं, नाही, ती माझी, तू त्याच्या खालची.

भिंतीला खिळा ठोकायला मी हातोडी नेली होती, पण घरमालक खिळे मारू देत नाही म्हणाले. म्हणलं थांबा. खाली स्कूटरच्या डिक्कीत हार्डबोर्डची पट्टी आणि बिजागरी होती, तिथेच जिन्यात बसून मागे टेकू बसवला. फ्रेम शिवणयंत्रावर उभी केली, दारातून आत आलं की समोरच दिसते. यादीत शेवटच्या नावासमोर टिक केली आणि चहा घेऊन निघाले.